कांडप 'कायमचं बंद' म्हणे! मॅपवर परत येईपर्यंतचा माझा अनुभव

आमचं कोल्हापुरात राजारामपुरीत मसाला कांडप आहे. सासऱ्यांनी चालू केलेलं, आता मी आणि सासूबाई बघतो. कोल्हापूरकरांना सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी सांगते, फेब्रुवारी संपला की घराघरात वर्षाच्या चटणीची गडबड सुरू होते, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी नाहीतर जवारी, धणे तीळ खोबरं भाजून, कांदा लसूण घेऊन बायका डबे भरभरून कांडपावर येतात. आमचा खरा धंदा म्हणजे हे अडीच-तीन महिने, बाकी वर्षभर हळद, गरम मसाला असलं किरकोळ.

तर गेल्या वर्षी मार्चमध्ये एक काकी आल्या, घामाघूम, दोन्ही हातात पिशव्या, आणि आल्या आल्या म्हणतात, "अगं तुमचं चालू हाय व्हय? पोरगा म्हणाला मोबाईलवर कायमचं बंद दाखवतंय." मी आधी हसले. मग गूगलवर बघितलं तर खरंच की! आमचं नाव, खाली लाल अक्षरात कायमचे बंद, फोन नंबर जुन्या लँडलाइनचा जो कधीच काढून टाकलाय, आणि पिन दोन गल्ल्या पलीकडं. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळं गल्ली चुकली की माणूस उन्हात डबे घेऊन फिरतो आणि जे पहिलं कांडप दिसेल तिथं बसतो. मॅपवरचं हे पान आम्ही तर कधी काढलंच नव्हतं. मॅपवर कुणालाही एखादी जागा टाकता येते, बंद झालीय असं कळवताही येतं, लॉकडाउनमध्ये शटर खाली बघून कुणीतरी कळवलं असेल असा आपला माझा अंदाज.

आप्पांना (सासरे) सांगितलं तर ते म्हणाले, "लोक वासावर येत्यात गं, मॅपवर नाही." त्यांच्या काळात येत होते, खरं आहे. आता नवीन फ्लॅटमधल्या पोरी बाहेरगावच्या, त्यांना कुठला वास माहिती.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याला कामाला लावला. तो आधी गूगल माय बिझनेसचं (गूगलवरची दुकानाची माहिती सांभाळायचं) अ‍ॅप शोधत बसला, ते काही मिळेना. ते नाव 2021 मध्येच बदलून गूगल बिझनेस प्रोफाइल झालंय आणि अ‍ॅप 2022 मध्ये बंद केलंय, आता सरळ सर्चमध्ये किंवा मॅपमध्ये जाऊनच सगळं करायचं. आपल्या दुकानाचं नाव टाकायचं, हा बिझनेस तुमचा आहे का असं विचारणारी ओळ असते तिथून क्लेम करायचं, म्हणजे हे आपलंच आहे असं कळवायचं. नवीन प्रोफाइल काढायचा मोह आम्हालाही झाला होता, बरं झालं काढलं नाही, एकाच दुकानाची दोन प्रोफाइल झाली की वेगळाच घोळ.

मग व्हेरिफिकेशन, म्हणजे दुकान खरंच आपलं आहे हे गूगलला पटवायचं. आम्हाला व्हिडिओचाच पर्याय आला. पहिला व्हिडिओ मी काढला, आत मशीन चालू आहे, मिरची पडतीय, छान लाल भडक, मला तर लई आवडला. नापास. कारण नीट वाचलंच नव्हतं, त्यांना तीन गोष्टी बघायच्या असतात, जागा कुठं आहे (रस्ता, शेजारची दुकानं), धंदा खरंच आहे का (बोर्ड, मशीन), आणि तो तुम्हीच चालवता का. आणि हे सगळं एका दमात, कट न करता, निदान 30 सेकंद, गिऱ्हाइकांचे चेहरे न दाखवता. सीझनमध्ये चेहरे न दाखवता म्हणजे पहाटेच! दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुतण्याला उठवलं, कोपऱ्यावरच्या गल्लीच्या पाटीपासून चालत आलो, शेजारचं स्टेशनरीचं दुकान, मग आमचा बोर्ड, मग मी किल्लीनं शटर उघडलं, आत जाऊन मशीन चालू केली, आणि नेमकी आदल्या दिवशीची मिरचीची धूळ उडाली, पुढचे वीस सेकंद मी आणि तो नुसते शिंकतोय, कॅमेरा वर खाली. परत काढायची ताकद नव्हती, तोच पाठवला. चार दिवसांत पास झाला. पिन सरकवली, नंबर बदलला, 'चालू आहे' केलं, आणि मी सासूबाईंना म्हटलं, झालं.

कसलं झालं. पुतण्यानं कुठंतरी बघितलं होतं की नावातच सगळे शब्द घातले की वर येतं. मग त्यानं आमच्या नावापुढं 'बेस्ट चटणी मसाला मिरची हळद कांडप कोल्हापूर' अशी आगगाडी जोडली, आणि मी पण हो म्हटलं, चूक माझीही आहे. आठवड्याभरात प्रोफाइल सस्पेंड. ऐन एप्रिलमध्ये! नियम साधा आहे, बोर्डावर जे नाव तेच तिथं.

मग अपील. अपील टाकल्यावर पुरावे जोडायला तासाभराचीच मुदत मिळते, हे आम्हाला फॉर्म उघडल्यावर कळलं. आणि आमची कागदपत्रं म्हणजे आनंदच, लाइट बिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर, बोर्डावर सासूबाईंचं नाव, आणि शॉप अ‍ॅक्टवर स्पेलिंग वेगळंच. तासाभरात कपाट उपसलं, शेवटी उद्यमचं (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) सर्टिफिकेट सापडलं, ते आदल्याच वर्षी ऑनलाइन फुकटात काढलेलं, त्यावर नाव आणि पत्ता दोन्ही बरोबर. ते, बोर्डाचा फोटो आणि पत्त्यासाठी लाइट बिल जोडलं, नाव मुकाट्यानं बोर्डाप्रमाणं केलं. प्रोफाइल परत आलं पण तोवर सीझनचे बारा दिवस गेले होते. कुणी करणार असाल तर आधी कागदं एका फोल्डरमध्ये काढून ठेवा, मग अपीलचं बटन दाबा.

याच काळात फोन यायला लागले. "गूगलमधून बोलतोय मॅडम, पहिल्या नंबरवर आणतो, वर्षाचे 15,000." मी विचारलं, आणता कसं? तर म्हणे आमचं सेटिंग आहे. गूगलच्याच मदतीच्या पानावर लिहिलंय की लोकल रिझल्टमधला (म्हणजे जवळपासच्या दुकानांच्या यादीतला) नंबर पैसे देऊन वर जात नाही. जाहिरात वेगळी, ती जाहिरात म्हणूनच दिसते.

नंबरचीही एक गंमत. मी दुकानात बसून सर्च केलं तर आम्ही पहिले! पेढे आणायचेच बाकी होते. संध्याकाळी नणंदेनं लांब कसबा बावड्यातून बघितलं तर आम्ही यादीतच नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे शोधणारा कुठं उभा आहे त्यावर पण असतं. जवळ किती, शोधलेल्या गोष्टीशी जुळतं किती आणि नाव किती झालंय, असं तीन गोष्टींवर चालतं ते. जवळपणा काही माझ्या हातात नाही, कांडप उचलून बावड्याला नेता येत नाही. उरल्या दोन.

जुळण्याचं म्हणाल तर नेमकी 'कांडप' अशी कॅटेगरी मला तरी सापडली नाही, मग मुख्य कॅटेगरी पिठाची गिरणी घेतली आणि जोडीला मसाल्याचं दुकान. पण खरी अक्कल आली प्रोफाइलमधल्या 'परफॉर्मन्स' या भागात. तिथं लोकांनी काय टाइप केल्यावर आपण दिसलो ते शब्द दिसतात. आमच्या बोर्डावर 'मसाला कांडप', आणि लोक शोधतात 'चटणी'. अर्थात, इथं लाल तिखटाला चटणीच म्हणतात, आम्ही पण घरात तेच म्हणतो, फक्त लिहिताना शहाणपणा सुचला होता. काही जण तर मिरची पावडर मशीन असं पण शोधतात. मग 750 अक्षरांत बसेल अशी माहिती साध्या भाषेत लिहिली, चटणी, हळद, काय काय कांडून मिळतं, आणि मिरची भाजून वाळवून आणा हे पण.

रिव्ह्यूसाठी क्यूआर छापून वजनकाट्याजवळ लावला. आधी मी त्याखाली 'रिव्ह्यू द्या, किलोमागे 2 रुपये सूट' लिहिलेलं, मग कळलं की सूट देऊन रिव्ह्यू घेणं नियमात बसत नाही, पट्टी चिकटवून झाकलं. बायका मनापासून लिहितात, "चटणीचा रंग वर्षभर टिकला" वगैरे. एकीनं एक स्टार दिला, दोन तास ओळीत बसवलं म्हणून. आप्पा भडकले, भांडायलाच निघाले होते. मी उत्तर दिलं की एप्रिलमधे सकाळी गर्दी असते, दुपारी तीननंतर या, लगेच होईल. आता निम्म्या बायका ते वाचून तीनलाच येतात आणि चारला परत ओळ.

फोटोंचं मात्र काही जमलं नाही. मी मशीनचे, मिरचीच्या ढिगाचे चांगले दहा-बारा फोटो टाकले, कव्हर पण निवडलं, पण कुठला पुढं दाखवायचा ते शेवटी गूगलच ठरवतं. कुणा गिऱ्हाइकानं बाहेरच्या कट्ट्यावर झोपलेल्या आमच्या मांजराचा फोटो टाकलाय, सध्या तोच सगळ्यात पुढं. मी रिपोर्ट करून बघितला, नियमाविरुद्ध काही नाही म्हणून तसाच राहिला. परवा फोन आला, "हॅलो, ते मांजरवालं कांडप का? हळद घेता का?"

घेतो म्हटलं.