यंदाचा सागरगड

जानेवारीत माहेरी अलिबागला गेले की एक दिवस सागरगडाचा, हे ठरलेलं. मी सात वर्षांची असल्यापासून बाबा आम्हां भावंडांना नेतात. यंदा बाबा अडुसष्ट पूर्ण, आणि माझी लेक पहिल्यांदाच बरोबर. आईने पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, बरोबर सुक्या जवळ्याची चटणी. "आजोबांच्या पुढे पळू नकोस गं," नातीला तिची तेवढीच ताकीद.

पेण रस्त्यावर खंडाळे गावात गाडी लावली. भात निघालेल्या शेतांत पांढऱ्या कांद्याची पात तरारली होती. धोंडाण्याचा धबधबा या दिवसांत म्हणजे नुसता काळा कातळ. पावसाळ्यात इथे माणसांची रीघ लागते, पण मला ही कोरडी वाटच आवडते. दगडावर पाय ठरतो. सिद्धेश्वराच्या देवळात टेकलो, पाणी प्यालो, की पुन्हा चढण. माचीवरच्या एका आजींनी ओसरीत बसवून घेतलं, हंड्यातलं गार पाणी दिलं.

पुढे मळलेली वाट सोडून आम्ही एका घळीतून चढतो. जेमतेम दोन पुरुष उंची, पण मुरूम पायाखालून सरकतो आणि हात टेकल्याशिवाय चढता येत नाही. इथे बाबांचा एकच नियम: गवत धरायचं नाही, दगड धरायचा, तोही आधी हलवून बघायचा. दादा वर गेला. लेकीने मध्यावर नेमकी गवताची जुडी धरली, ती मुळासकट हातात आली आणि पोर हातभर घसरली. गुडघा खरचटला. रडू ओठांवर आलं होतं, तेवढ्यात खालून बाबांनी तिच्या टाचेखाली तळवा लावला. "पाय दे माझ्या हातावर. आता उजवीकडे खाच आहे बघ, बोटं घाल." बघितलंही नव्हतं त्यांनी वर, खाच त्यांना पाठ होती. पोर सरसर गेली.

माझ्या टाचेखाली हाच हात असायचा. बाबा नेहमी शेवटी चढायचे. त्यांच्या खाली कुणीच नसायचं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चल, तू हो पुढे," ते म्हणाले.

"नाही बाबा, आज तुम्ही आधी."

क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि निमूट दगडाला हात घातला. डाव्या गुडघ्याला कळ येते त्यांच्या, तिथे थांबले. मी तळवा लावला. टाचेच्या भेगा, झिजलेली चप्पल, सगळं वजन क्षणभर माझ्या मनगटावर आलं आणि उचललं गेलं.

गडावर तटाचे अवशेष, गोमुखाचं पाणी, आणि टोकाला वेगळा उभा वानरटोकाचा सुळका. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत हाही होता. का हवा होता ते धुकं विरल्यावर कळतं: समोर अलिबागचा कुलाबा किल्ला, उजवीकडे थळच्या समुद्रात उंदेरी, तिच्यामागे खांदेरी. 1679 मध्ये महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली, तर लगेच 1680 मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. बाबा हे दरवर्षी सांगतात. यंदा ते भाकरी खात गप्प होते, म्हणून मी सांगितलं. उंदेरीचं साल चुकले, तेवढं त्यांनी दुरुस्त केलं.

उतरल्यावर बांधावरचा भांबुर्डा तोडून घेतला, संध्याकाळी अंगणात पोपटी लावायला. वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, मडक्याच्या तोंडाला पाला गच्च, आणि उलट्या मडक्याभोवती जाळ. झाली का बघायला बाबांनी नातीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तिने चार थेंब मडक्यावर शिंपडले. चर्रकन आवाज झाला, थेंब जागीच उडाले.

"झाली!" ती ओरडली. नखांत अजून घळीतली लाल माती होती.