६४१ चा भाग

धरमपेठेतील आमच्या शिकवणी वर्गात गणित ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांना मी संख्या सिद्धांत शिकवतो. एप्रिलमधल्या एका दुपारी फळ्यावर ४२९४९६७२९७ ही संख्या लिहून ती मूळ आहे का, एवढेच मी विचारले. कॅल्क्युलेटर दप्तरातच ठेवायचे, ही अट होती.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. त्याच साच्यातील (२ चा घात १, २, ४, ८, १६) आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही संख्या मूळ असल्याने पुढच्याही मूळच असणार, असे सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ फर्माने मानले होते आणि वर्गाचा कौलही तोच पडला. ३, ७, ११ यांच्या कसोट्या लावून झाल्यावर मात्र मुलांचा धीर सुटू लागला, कारण वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे, आणि तिथपर्यंतच्या साडेसहा हजारांवर मूळ संख्यांनी भागत बसणे कोणाच्याच आवाक्यातले नव्हते. तेव्हा मी गणितज्ञ ऑयलरचा निष्कर्ष सांगितला: हिचा मूळ अवयव कोणताही असो, त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरते. लगेच १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा मोजक्याच संख्या पुढे आल्या.

“सर, ६४१ ने भाग जाऊन राहिला,” मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली आणि तिने ६७००४१७ हा भागाकार वाचून दाखवला. ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलेला अवयव हाच.

माझ्या हिशेबाने विषय येथे संपत होता. पण तिच्या शेजारच्या मुलाने फळ्यावर येऊन ६४१ दोन तऱ्हांनी मांडले: ५ × १२८ + १ आणि ६२५ + १६. पहिल्या मांडणीनुसार, ६४१ ने भागताना बाकीच्या हिशेबात ५ गुणिले २ चा ७ वा घात म्हणजे −१ च. दोहोंचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे १. दुसऱ्या मांडणीनुसार ६२५ च्या जागी −१६ ठेवता येतात, मग उणे २ चा ३२ वा घात म्हणजे १, अर्थात आमच्या संख्येला ६४१ ने नि:शेष भाग जातो. दहा अंकी संख्या यात कुठेच लिहावी लागली नाही. ही सिद्धता पुस्तकांत आहे, त्याने मात्र ती वाचलेली नव्हती.

मग ६७००४१७ चे काय? ६४ ऐवजी १२८ घेतले तरी चालते, हे फ्रेंच गणितज्ञ ल्यूकाने १८७८ मध्ये दाखवले आणि फर्माच्या कोणत्याही दोन संख्यांना सामाईक अवयव नसल्याने २५७ ही बाद होते. ६७००४१७ च्या वर्गमूळापर्यंत उरलेल्या ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ यांनी भागून बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ आल्या. संख्या मूळ ठरली.

तास संपल्यावरही दोघे २ चा ६४ वा घात अधिक १ मांडत बसले होते. तिचा सर्वांत लहान अवयव २७४१७७ आहे हे मी सांगितले नाही. २५६ ने भागून बाकी १ उरणाऱ्या संख्याच तपासा, एवढेच म्हटले.