जोडीतला एकच हॉर्न

शेव्हरोले 3100 पिकअप माझ्याकडे आला तेव्हा रंगकाम होऊन गेलं होतं, क्रोम झळकत होतं आणि हॉर्न मुका होता. 'दोन्ही हॉर्न गेलेत, बारा व्होल्टची नवी जोडी टाका,' असं मालकांना आधीच सांगून झालं होतं. ही गाडी सहा व्होल्टची. शेव्हरोलेच्या ट्रकमध्ये बारा व्होल्ट आले ते 1955 मध्ये निघालेल्या नव्या मालिकेपासून. सहा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचा हॉर्न सुचवणाऱ्याने वायरिंगला हातच लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

हॉर्न खोलण्याआधी मीटर लावला. बटण दाबल्यावर हॉर्नच्या टर्मिनलवर पूर्ण दाब मिळत होता, म्हणजे रिले, बटणाच्या इशाऱ्यावर हॉर्नला करंट देणारा स्विच, ठीक. मग मीटरची एक तार हॉर्नच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली, तर तिथेही जवळजवळ सहा व्होल्ट! म्हणजे अर्थिंगच नाही. या हॉर्नला टर्मिनल एकच असतं, परतीचा रस्ता ब्रॅकेटमधून बॉडीत जातो. रंगवाल्यांनी ब्रॅकेट, बोल्टची जागा, सगळ्यावर जाड रंग चढवला होता. गाडी सुंदर दिसते, पण चालवताना काय लागतं याचा विचार रंगवाले करत नाहीत. आणि बारा व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट वाटेत गळाला तर खपून जातं. सहामध्ये तोच अर्धा व्होल्ट म्हणजे बारावा हिस्सा गेला.

रंग खरवडून लखलखीत धातू काढला, तेव्हा खर्जाचा हॉर्न घोगरा कण्हला. वरच्या सुराचा नुसता 'टक्'सुद्धा करेना.

आत यंत्रणा साधी असते. कॉइलमधून करंट गेला की लोखंडी आर्मेचर खेचलं जातं, त्याबरोबर पोलादी पडदा वाकतो. वाकता वाकता पडदाच पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून करंट जोडणारी दोन टोकं, उघडतो, करंट तुटतो, पडदा मागे उसळतो, पॉइंट पुन्हा मिटतो. सेकंदाला तीनशे-चारशे वेळा हे चालतं, त्याचा आवाज होतो. सूर ठरतो तो पडदा, आर्मेचर आणि शंखासारख्या कर्ण्याच्या लांबीवर. मागचा स्क्रू फक्त पॉइंट कधी उघडायचा एवढंच ठरवतो. तरी जो तो तो स्क्रू पिळून 'सूर लावायला' जातो. करंट वाढतो, आवाज थोडा मोठा होतो आणि पॉइंट जळायला लागतात.

खर्जाच्या हॉर्नचं तेच झालं होतं. एका पॉइंटवर खड्डा, समोरच्यावर उंचवटा, स्क्रू पार आवळलेला. वर्षानुवर्षं वापरलेला हॉर्न. दुसरा उघडला तर कर्ण्याच्या वळणात कुंभारीण माशीचं मातीचं घर. त्या मातीने ओल धरून ठेवलेली, पडद्याला गंजाचे फोड, पॉइंटवर हिरवी पूड. पण पूड पुसल्यावर खाली पॉइंटचा पृष्ठभाग सपाट, जळल्याची खूण जवळजवळ नाही. ते तेव्हा मी पाहिलं आणि पुढच्या कामाला लागलो.

या वरच्या हॉर्नवर मी जीव ओतला. घेरावरचे रिवेट ड्रिलने काढले. जुनं गॅस्केट तुकड्या-तुकड्यांत निघालं. त्यातला एक धड तुकडा मायक्रोमीटरने मोजून त्याच जाडीचं नवं कापलं. गॅस्केट जाड झालं तर आर्मेचर लांब राहतं आणि हॉर्न ओढच घेत नाही. पातळ झालं तर लोखंड लोखंडावर आपटतं. बाजारातलं मिळेल ते गॅस्केट चिकटवणाऱ्यांचे हॉर्न म्हणूनच खडखडतात. गंजलेल्या पडद्याच्या जागी त्याच जातीच्या एका मोडीतल्या हॉर्नचा पडदा बसवला. दोन्हीचे पॉइंट बारीक कानशीने समांतर केले. मग एकेक हॉर्न त्याच्या ब्रॅकेटने व्हाइसमध्ये धरून, ॲमीटर लावून, स्क्रू अगदी केसभर फिरवत करंट जागेवर आणला. शेवटी दोन्ही एकदम वाजवले. जोडीच्या दोन सुरांत साधारण सा आणि ग एवढं अंतर असतं. ते जुळलं तेव्हा सगळी शेड भरून गेली.

मालक संध्याकाळी आले. साठी ओलांडलेले, गाडी त्यांच्या वडिलांची. बटण दाबलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"चांगलाय. पण हा बाबांच्या गाडीचा नाही."

"काका, पडदा एक बदललाय, बाकी सगळं मूळचंच आहे."

"नाही. तो असा गोड नव्हता. बाबा वळणावर आले की नुसता हंबरायचा."

तेव्हा तो न जळलेला पॉइंट आठवला. वरचा हॉर्न फार लवकर बंद पडला असणार, कदाचित काकांच्या लहानपणीच. मी काही न बोलता त्याची तार काढली आणि म्हणालो, "आता दाबा."

त्यांनी दाबलं. मग पुन्हा दाबलं, बराच वेळ. "हा," म्हणाले. "हाच."

तार तशीच राहू दे म्हणाले. मी समजावलं की जोडी उगाच दिलेली नाही: रहदारीच्या गोंगाटात एक सूर हरवतो, दोन मिळून कानावर येतात. गाडी रस्त्यावर नेणार असाल तर दोन्ही हवेत. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि तार राहू द्या हेच पुन्हा सांगितलं.

गाडी त्यांची, आठवणही त्यांची. तारेच्या टोकाला इन्सुलेशन चढवून ते ब्रॅकेटजवळ बांधून ठेवलं. पण रिस्टोअर करणं म्हणजे कारखान्यातून निघाली तशी गाडी करणं, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आलोय. त्या हिशेबाने काकांच्या वडिलांची गाडी बिघडलेली होती, आणि मला नेमका तो बिघाड जपायला सांगितला गेला. मन अजून मानत नाही. वरचा हॉर्न तिथेच बसवलेला आहे, साफ, जुळवलेला, आणि मला तो वाजायला हवा आहे.