वाचननोंद: ठाणे ते तुर्भे, जुलै ते ऑक्टोबर

वर्षाला वीस कादंबऱ्या असं जानेवारीत ठरवलं होतं. ऑक्टोबर संपत आलाय आणि आकडा चौदावर अडकलाय. मागच्या नोंदीत सहांबद्दल लिहिलं होतं, आता उरलेल्या आठ. आठवी अजून अर्धीच आहे, पण आकडा वाढवायला तीही धरली.

नियम तोच, एका जातीची दोन पुस्तकं लागोपाठ घ्यायची नाहीत. गेल्या वर्षी सलग रहस्यकथा वाचल्या आणि डिसेंबरात कुठल्या पुस्तकात कुणी कुणाला मारलं याची खिचडी झाली होती. वाचायची जागाही तीच, ठाण्याहून सुटणारी ट्रान्सहार्बर लोकल. गाडी पुरती थांबायच्या आत चढता आलं तर बसायला मिळतं आणि तुर्भ्यापर्यंत दहा-बारा पानं होतात. परतीला पाच-सहाच. रबाळे आलं की डोळे मिटतात.

जुलैची सुरुवात 'रारंग ढांग'ने. प्रभाकर पेंढारकरांचं हे पुस्तक 1981 सालचं आणि माझ्याकडून इतकी वर्षं राहून गेलेलं, याची आता लाज वाटते. हिमालयात सीमेवरचा रस्ता बांधणाऱ्या तुकडीत विश्वनाथ मेहेंदळे नावाचा तरुण इंजिनिअर रुजू होतो. समोर रारंगचा ढांग, म्हणजे सरळसोट उभा कडा, आणि तो फोडून त्यातून रस्ता न्यायचाय. सुरुंग, थंडी, दरडी, मजूर, आणि वर लष्करी शिस्तीचे मेजर बंबा. या दोघांचं जमत नाही. मला आवडलं ते हे की लेखक दोघांनाही वेडं ठरवत नाही. मेजरचं बोलणं वाचताना मेजर बरोबर वाटतो, पान उलटलं की विश्वनाथ. पेंढारकर माहितीपट करणारे होते, ते जाणवतं. वाक्यं आखूड आणि उपमा जवळजवळ नाहीत. दगड कसा फुटतो, कामगार कुठे उभा राहतो, चूक झाली तर काय होतं, एवढं दाखवून ते पुढे जातात. शेवट सांगत नाही, फक्त एवढंच की त्या दिवशी ऑफिसात दोन बेरजा चुकल्या.

याच पुस्तकाने माझी एक खोड मला दाखवून दिली. पुस्तक मिटल्यावर नायकाचं प्रेम-बीम माझ्या डोक्यात राहत नाही. तो पोटासाठी काय करतो आणि ते त्याला नीट जमतं का, हे राहतं. मी कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहिते, म्हणूनही असेल. मग पुढच्या प्रत्येक पुस्तकाला हाच प्रश्न लावून पाहिला.

नारायण धारपांची 'लुचाई' या प्रश्नात साफ नापास. ती स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे हे बहुतेकांना ठाऊक असेल. गावावर सावट येतं, माणसं एकेक करून हातची जातात. वातावरण झकास, पण सकाळच्या लेडीज डब्यात पिशाच्चाला उभं राहायलाच जागा नाही. भीती वाटायच्या आत कुणाची तरी पर्स बरगडीत घुसते. शेवटची पन्नास पानं घरी रात्री वाचली तेव्हा मात्र पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं टाळलं.

त्यानंतर 'शाळा'. मिलिंद बोकिलांचं, 2004 चं, माझं तिसरं वाचन. आणीबाणीच्या काळातली नववी, जोशी, शिरोडकर, नरूमामा. यावर नवं काय लिहू? घरातल्या नववीतल्या प्राण्याला वाचायला दिलं तर तो चाळीस पानांवर म्हणाला, "हे एवढे दिवस तिच्याशी बोलतच का नाहीत?" मी पुस्तक परत घेतलं.

ऑगस्टमध्ये सदानंद देशमुखांचं 'बारोमास'. साहित्य अकादमीचा 2004 चा पुरस्कार याला आहे, प्रत ग्रंथालयाची. शिकूनसवरून नोकरी न मिळालेला एकनाथ, घरची शेती, आणि त्या शेतीपायी घरातल्या घरात उडणारे खटके. पैशावरून होणारी भांडणं इतकी खरी लिहिलीत की मधेच पुस्तक खाली ठेवावं लागलं. मधला भाग लांबलाय, हे खरं. दुःखावर दुःख रचत गेलं की वाचणारा बधिर होतो, तसं माझं दोन-तीनदा झालं. वऱ्हाडी बोलीने मात्र सावरून घेतलं. तीच वाक्यं पुणेरी मराठीत असती तर पन्नास पानांत सोडून दिलं असतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पुस्तकात शेतकरी माल विकून रिकाम्या हाताने घरी येतो, तेव्हा त्याच्या हातात जो कागद असतो तो मी दिवसभर लिहिते. त्याला पट्टी म्हणतात. वर गोणी, वजन, भाव आणि एकूण रक्कम. खाली वजावट: हमाली, तोलाई, मोटारभाडं. 2016 पासून फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याकडून कापत नाहीत, खरेदीदाराकडून घेतात, पण भाव पडला की भाडं एकटंच पुरेसं असतं. एकदा तेरा गोण्यांची पट्टी करताना शेवटच्या चौकटीतला आकडा लाल झाला. माल विकूनही शेतकऱ्याकडूनच येणं निघालं. मी सूत्र दोनदा तपासलं. सूत्र बरोबर होतं. 'बारोमास' वाचेपर्यंत तो कागद घेऊन माणूस घरी जातो, तिथे कुणीतरी "किती आले?" विचारतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

याच पुस्तकाची एक फजिती. कोपरखैरण्याला पाऊस आडवा आत आला आणि पिशवीतली छत्री पुस्तकावर निथळली. नुसतं उन्हात टाकू नका, पानं लाटांसारखी होतात. मी दर दहा पानांत एक वर्तमानपत्राचा तुकडा घातला, वर पोळपाट आणि त्यावर दोन पाटे-वरवंट्याच्या वजनाचे डबे ठेवले, तुकडे सकाळ-संध्याकाळ बदलले. चार दिवसांत पुस्तक वाचण्यासारखं झालं. ग्रंथालयातल्या काकांनी उघडून पाहिलं, वास घेतला आणि दंड न लावता म्हणाले, "पुढच्या वेळी प्लॅस्टिकची पिशवी."

वैज्ञानिक कादंबरी म्हणून जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला'. मे 2025 मध्ये नारळीकर गेले, तेव्हापासून यादीत होतं. खोदकामात पूर्वीच्या एका प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातल्या माहितीवरून वामन नावाचा यंत्रमानव बनतो, आणि त्याला आपल्यासारखेच आणखी हवे असतात. मूळ कल्पना आज वाचताना जास्तच बोचते. पात्रं मात्र एकमेकांशी बोलतात ती वर्गात समजावून सांगितल्यासारखी. सापडलेली वस्तू उघडायची कशी यावर डोकं चालवतात ती पानं उत्तम. तिथे माणसं कामाला लागलेली दिसतात.

'बनगरवाडी' दुसऱ्यांदा. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर म्हणून गेलेला पोरगेला राजाराम. पुस्तक 1955 चं. पहिल्यांदा कॉलेजात वाचलं तेव्हा निसर्गवर्णन म्हणून वाचलं होतं, आता दिसलं की मास्तर शिकवण्यापेक्षा इतर कामंच जास्त करतो. लोकांचे कागद वाचून दे, भांडणं मिटव, तालमीची इमारत उभी कर. दुपारच्या सुट्टीत वाचत बसले होते तर आमच्या गाळ्यावरचे एक माथाडी मामा, आटपाडीकडचे, गोणीवर टेकून म्हणाले, "ताई, मोठ्यानं वाचा की." तीन दुपारी थोडं थोडं वाचलं. चौथ्या दिवशी मला उशीर झाला तर त्यांनीच विचारलं, "तालीम झाली का बांधून?" झाली म्हटलं, राजा आला उद्‌घाटनाला. मामा खूश. पुढे दुष्काळ पडतो, वाडी उठते, ते त्यांना सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. सांगितलं तर म्हणाले, "व्हय, उठत्यातच."

माझी कामाची कसोटी जिच्यापुढे चालली नाही ती विश्राम बेडेकरांची 'रणांगण', 1939 सालची. बोटीवर सगळे प्रवासी, कुणाला काही कामच नाही. युरोपातून मुंबईला परतणारा चक्रधर, नाझींपासून पळालेली ज्यू हॅर्टा, आणि हे दोघं किती दिवस बरोबर आहेत हे पहिल्यापासून ठरलेलं. एवढंसं पुस्तक दोन दिवसांत संपलं आणि त्या नादात तुर्भे गेलं, उतरले सानपाड्याला. चक्रधरचा मला राग आला. अजून येतो. कुणाचं मत वेगळं असेल तर जरूर भांडा.

अर्धी राहिलेली ती नंदा खरे यांची 'अंताजीची बखर'. अठराव्या शतकातला एक खवचट माणूस स्वतःची कैफियत सांगतो, इतिहासातले मोठे लोक त्याच्या तोंडून बरेच लहान होतात. खरे स्वतः स्थापत्य अभियंता, त्यामुळे अपेक्षा वाढल्यात. भाषा बखरीची, गर्दीत उभ्याने जमत नाही. ज्या दिवशी खिडकी मिळते त्या दिवशी अंताजी, नाहीतर मोबाईल. पान 94.

नोव्हेंबरसाठी सुचवा. हिशेबनीस, टायपिस्ट, स्टोअरकीपर, असलं कुणी मुख्य पात्र असलेली मराठी कादंबरी हवीय, आणि त्यात त्याचं काम दिसायला हवं. सातशे पानांच्या वर नको, पिशवीत डबाही असतो.