४५ सेकंदांचं प्रकरण

स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणाऱ्या लेखकांच्या संहितांचं संपादन मी करते. यातले बरेच जण आयुष्यभर दुसऱ्याच कामात मुरलेले असतात. कुणी शस्त्रक्रियागृहातली परिचारिका, कुणी सर्व्हेअर, कुणी तुरुंगातला शिपाई. त्यांच्या संहितांमध्ये एक खोड हमखास सापडते. ज्या कामात तीस वर्षं घातली ते तीन ओळींत उरकलेलं असतं आणि सूर्यास्ताला दीड पान दिलेलं असतं. काम म्हणजे काम, त्यात काय लिहायचं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं.

मालवाहू बोटींवर इंजिनियर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची कादंबरी आली, तेव्हाही तेच. ९२ हजार शब्द. नायक थर्ड इंजिनियर, घरापासून लांब, मनात एक जुनं दुःख. मधल्या प्रकरणात भर समुद्रात बोटीची वीज जाते. तो मजकूर असा होता:

‘मध्यरात्र होती. अचानक सारे दिवे गेले. काळोखाने बोट गिळून टाकली. काळजाचा ठोका चुकला. काही वेळाने दिवे आले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.’

त्या दिवशी आम्ही समोरासमोर बसलो ते याच प्रकरणासाठी. लेखकांना मी आधी सांगून ठेवते की बोलणं रेकॉर्ड करणार आहे, ते फक्त तुमच्यासाठी आहे, आणि लिहायचं तुम्हीच. संपादकाने लिहून दिलं की वाक्यं गुळगुळीत होतात, पण त्यातला माणूस बदलतो.

“यात चुकलं काय?” त्यांनी विचारलं.

“चुकलं काहीच नाही. पण बोटीवर कधी पाऊल न ठेवलेल्यालाही एवढं लिहिता येईल.”

अशा वेळी ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारायचा नसतो. त्याला उत्तर म्हणून विशेषणं मिळतात. भीती, हुरहुर, काहूर. मी विचारते: हात कुठे होते? आधी काय ऐकू आलं? सर्वांत जवळ कोण उभं होतं, आणि तो काय म्हणाला? मग कागद पुढे सरकवते आणि जागेचा नकाशा काढायला सांगते. नकाशा काढताना माणूस साहित्य विसरतो.

त्यांनी इंजिन रूमचे मजले काढले, लोखंडी जिने काढले, कंट्रोल रूमची काच काढली आणि बोलायला लागले. अंधार नंतर येतो, म्हणाले. म्हणजे दिवे जातातच, पण आधी जाणवतं ते आवाजाचं जाणं. हवा खेळवणारे मोठे पंखे बंद पडतात आणि फिरत फिरत मंदावतात. त्यांचा सूर खाली खाली उतरत जातो. मुख्य इंजिनाला वंगण पुरवणारे पंप विजेवर चालतात, त्यामुळे वीज गेली की तेलाचा दाब पडतो आणि इंजिन स्वतःला बंद करून घेतं. महिनाभर एकमेकांशी ओरडून बोलणाऱ्या माणसांना अचानक शेजारच्याचा श्वास ऐकू येतो.

“कशामुळे गेली वीज?”

“फिल्टरमध्ये हवा राहिली.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला थांबवावं लागलं. जनरेटरच्या इंधनाला शेजारी शेजारी दोन फिल्टर असतात. एक चालू, दुसरा साफ करून राखीव. समुद्र खवळला की टाकीच्या तळाचा गाळ ढवळून वर येतो, चालू फिल्टर तुंबतो आणि इंधनाचा दाब घसरतो. मग लिव्हर फिरवून राखीव फिल्टरवर जायचं. पण त्याआधी त्यात इंधन भरून घ्यायचं आणि वरचा स्क्रू सैल करून हवा बाहेर काढायची. बुडबुडे थांबून नुसतं इंधन यायला लागलं की स्क्रू आवळायचा. इथे घाई नडते. आत हवा राहिली तर ती इंधनाच्या पंपात जाते, आणि जनरेटर दोन-तीन आचके देऊन बंद. जुनी बोट होती. तीन जनरेटरांपैकी एक दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला, आणि तिसरा हाताने सुरू करावा लागे.

कादंबरीत यातलं काहीही नव्हतं. तिथे वीज नियतीने घालवली होती.

नियमाप्रमाणे अशा वेळी इमर्जन्सी जनरेटर आपोआप सुरू होऊन जास्तीत जास्त ४५ सेकंदांत वीज द्यायला लागला पाहिजे. इंजिन रूममध्ये आग लागली किंवा पाणी शिरलं तरी तो चालावा म्हणून त्याची खोली वर, उघड्या डेकलगत असते. “चीफ इंजिनियर अंधारात मोठ्याने आकडे मोजत होते,” ते म्हणाले. “एक, दोन, तीन. ओरडणं नाही, शिवी नाही. पंचेचाळीसला काही झालं नाही. साठपर्यंत मोजलं आणि माझं नाव घेतलं. बस, एवढंच.”

‘काळजाचा ठोका चुकला’ हे वाक्य मी त्यांच्या देखत खोडलं. ते हसले, हरकत घेतली नाही.

त्यानंतर जे झालं त्यासाठी हा दिवस लक्षात राहिला. रोजच्या कामाच्या नोंदींच्या वह्या त्यांनी सांभाळून ठेवल्या होत्या. बोटीचं अधिकृत लॉगबुक बोटीवर राहतं, घरी येतात त्या या खाजगी वह्या. डागाळलेल्या, पानांना तेलाचा वास. आठवणीतून लिहिलेल्या प्रसंगाला कागदाचा आधार मिळत असेल तर मी तो नेहमी मागते, कारण स्मरणशक्ती प्रसंग राखते आणि वेळा बदलते. वीज गेली त्या दिवसाची नोंद काढली तर तिथे वेळ होती १७१०, म्हणजे संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. चार ते आठचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी.

“मध्यरात्र कुठून आली मग?”

“मीच घातली. अंधाराला रात्र शोभते.”

इंजिन रूमला खिडकी नसते. तिथे पाच वाजताचा अंधार आणि मध्यरात्रीचा अंधार एकच. फरक पडतो तो वर पोहोचल्यावर, आणि तो त्यांनीच कापून टाकला होता. खिशातल्या टॉर्चच्या उजेडात जिने चढून त्यांनी डेकचं दार उघडलं ते थेट मावळतीच्या उन्हात. डोळे दिपले. चार पावलांवर इमर्जन्सी जनरेटरची खोली. आत शिरले, तर आता मघापेक्षा गडद अंधार. उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना सरावायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढी मिनिटं हातात नव्हती. टॉर्च होता, पण त्याच्या उजेडाचा ठिपका सोडून काही दिसेना. शेवटी पॅनेल त्यांनी बोटांनी वाचलं. बटणांची रांग, तिच्याखाली तीन जागी थांबणारी मूठ: बंद, मॅन्युअल, ऑटो. दर आठवड्याच्या चाचणीसाठी ती मॅन्युअलवर नेतात आणि नंतर परत ऑटोवर आणतात. ती मॅन्युअलवरच राहिली होती. म्हणून जनरेटर आपोआप सुरू झाला नाही.

प्रसंग खरोखर मध्यरात्री घडला असता तर डोळे आधीच अंधाराला सरावलेले असते आणि काम सोपं गेलं असतं. म्हणजे नाट्य वाढवायला घातलेल्या रात्रीने खरी अडचणच काढून घेतली होती. अनुभवावर लिहिणाऱ्यांच्या संहितेत हे फार वेळा होतं. वेळ, हवामान, ऋतू या गोष्टी सजावट समजून बदलल्या जातात, आणि त्यांच्यावर टेकलेली कारणं न कळत निखळतात. तारीख बदलायची असेल तर खुशाल बदला. पण आधी तिच्यावर काय काय अवलंबून आहे याची यादी करा.

दुपारी त्यांनी प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. अडला तो परिभाषेचा प्रश्न. संहितेच्या शेवटी त्यांनी शब्दार्थांची सहा पानं जोडली होती. ती मी काढायला लावली. कथा सोडून मागची पानं चाळायला वाचक जात नाही. त्याऐवजी शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा त्याच्यावर कुणाचा तरी हात असावा. ‘ब्रेकर’ म्हणजे काय हे सांगायचं नाही. नायक ब्रेकर बसवतो, खटका बसल्याचा आवाज येतो, दिवे लागतात. पुढच्या वेळी शब्द एकटा आला तरी चालतो. एका पानावर असे दोनपेक्षा जास्त नवे शब्द आले की वाचक सुटतो, हा माझा अंदाज, नियम नव्हे.

वेगाचाही हिशेब केला. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द होतात, म्हणजे ४५ सेकंदांत नव्वदेक. चीफचं मोजणं चालू असतानाचा मजकूर आम्ही तेवढ्यातच बसवला. एक शब्दही स्पष्टीकरणाचा नाही. फिल्टर, लिव्हर, हवा हे सगळं त्याआधीच्या पानांत येऊन गेलेलं. वीज परतल्यावर मात्र लेखणी सैल सोडली, कारण तिथे सांगण्यासारखं होतं. पंप एकेक करून सुरू करायचे, आधी वंगणाचा, मग पाण्याचे, मग बाकीचे. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. घाईने सगळं एकदम लावलं तर नुकताच लागलेला जनरेटर पुन्हा कोसळतो. एक उतावळा हात पुढे येतो आणि चीफ तो मनगटाला धरून अडवतात. ही नोंद वहीत नव्हती, बोलता बोलता निघाली. पाच वाक्यांची आता अकरा पानं झाली होती.

मग नावांचा विषय. मूठ मॅन्युअलवर कुणी ठेवली? संहितेत इलेक्ट्रिशियनचं खरं आडनाव होतं, शिवाय बोटीचं नाव, कंपनी आणि साल. लेखकांची खात्री होती, पण वहीत कुणाचंच नाव नव्हतं. अशा ठिकाणी मी अडून बसते. नुसतं आडनाव बदलून भागत नाही. पद, बोट आणि साल जुळलं की त्या धंद्यातला कुणीही माणूस ओळखतो. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही ओळ छापली म्हणून ओळख पटलेल्या माणसाचा बदनामीचा दावा टळत नाही. मोठ्या प्रकाशनात हे बघायला कुणीतरी असतं. स्वतः पुस्तक काढणाऱ्याच्या मागे कुणीच नसतं. आम्ही बोट, मार्ग आणि साल तिन्ही बदललं, इलेक्ट्रिशियनचं वय आणि बोलण्याची ढब बदलली, आणि दोष द्यायचाच सोडला. ‘मूठ मॅन्युअलवर होती’ एवढंच ठेवलं. त्यांना ते आधी गुळमुळीत वाटलं. नंतर त्यांनीच पुढच्या प्रकरणात एक जेवणाचा प्रसंग घातला. टेबलावर सगळे आहेत, त्या मुठीबद्दल कुणी बोलत नाही, आणि प्रत्येकाला आपण शेवटची चाचणी कधी केली ते आठवून पाहावं लागतंय. संबंध कादंबरीतला मला सर्वांत आवडलेला भाग हाच.

पुढची कामं नेहमीची. छाटणीनंतर ७१ हजार शब्द उरले. डेमी आकारात पानाला २९० शब्द धरले तर सुमारे २४५ पानं, त्यात सुरुवातीची पानं मिळवून १६ पानी फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या, हिशेबात २५६. पुस्तकाच्या कण्याची जाडी सूत्रावर सोडू नये. त्याच कागदाची २५६ कोरी पानं बांधून डमी करावी आणि पट्टीने मोजावी, नाहीतर कण्यावरचं नाव घसरून मुखपृष्ठावर येतं. एक गोष्ट मात्र इथे वेगळी निघाली. संहिता जुन्या फॉन्टात टाइप केलेली होती. युनिकोडमध्ये नेताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य तुटून सगळीकडे रफार बसला. ‘दुसर्या’, ‘वार्यावर’. ‘र्य’ शोधून एकदम बदलायचा मोह होतो, पण मग ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ मोडतात. समुद्रावरच्या कादंबरीत तर पानोपानी ‘दर्या’ आहे, त्याच्या ‘दऱ्या’ झाल्या असत्या. एकेक जागा डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नव्हता.

छपाईआधी प्रकरण दोघांना वाचायला दिलं. एक वाचक बोटींवर काम केलेला, एक समुद्रापासून चार हात लांब राहणारी. दोघांना सूचना एकच: मत देऊ नका, जिथे थांबलात तिथे पेन्सिलने रेघ मारा. तिची रेघ एकाच ठिकाणी होती, फिल्टरच्या वर्णनात. तिथे एक वाक्य उलगडून लिहिलं. त्याचीही एकच होती. ऑटोची जागा उजवीकडे असते, डावीकडे कशी, असं त्याने समासात लिहिलं होतं.

मी फोन लावला. “आमची डावीकडेच होती,” लेखक म्हणाले. “बोटांनी शोधली आहे मी.”

डावीकडेच छापली.