आमची वाटचाल : लिंक किती लागेल, हा एकच प्रश्न

आम्ही सुरुवात केली तेव्हा दोघंच होतो, मी आणि माझा पार्टनर, काम म्हणजे केबलिंग आणि ईपीएबीएक्सचा (ऑफिसातल्या फोन एक्स्चेंजचा) मेंटेनन्स. कॉल सेंटरचं पहिलं काम मिळालं ते पण फोनचंच. मेन ऑफिसात सर्व्हर, दुसरीकडे ३० एजंटांची नवीन शाखा, मधे डेटाची लिंक किती एमबीपीएसची (सेकंदाला किती मेगाबिटची) घ्यायची ते तुम्ही सांगा असं कस्टमर म्हणाला.

हिशोब आम्हाला येत होता. जी ७११ कोडेकचा (आवाजाचा डेटा बनवायची एक पद्धत) एक कॉल हेडर (डेटाच्या प्रत्येक पॅकेटवरचा पत्त्याचा भाग) धरून एका दिशेला ८० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) खातो (नुसता आवाज ६४, वरचे १६ आयपी, यूडीपी, आरटीपी हेडरचे, २० मिलिसेकंदाचं पॅकेट असेल तर). ३० कॉल म्हणजे २.४ एमबीपीएस. वर थोडी मोकळीक ठेवून ४ ची लिंक सांगितली आणि निर्धास्त झालो. रिपोर्टिंगचं, म्हणजे सुपरवायझरना एजंटांच्या कामाचे आकडे दाखवण्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि आम्हीही काढला नाही. रिपोर्ट म्हणजे काय, आकडेच तर असतात, त्याला किती लागणार, हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्याच्या १ तारखेला सकाळीच फोन, आवाज तुटतोय, कॉलवर समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकूच येत नाही. आम्ही ग्राफ उघडला तर लिंक ८५ टक्क्यांच्या आसपास, त्याच्या वर काहीच नाही. दोन दिवस फोनच्या सेटिंगमधे घातले, हेडसेट बदलून बघितले, लिंकवाल्यांशी भांडलो. ग्राफ लांब वेळेची सरासरी दाखवतो हे आम्हाला माहीत होतं, पण त्या गडबडीत सुचलंच नाही. आवाज बिघडायला २ सेकंद पुरतात, ते २ सेकंद त्या सरासरीत कुठे दिसणार.

शेवटी मी एका सुपरवायझर मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो, आणि आमच्या धंद्याची दिशा तिथे बदलली असं मी आजही मानतो. त्यांच्या स्क्रीनवर सगळ्या एजंटांचं लाइव्ह स्टेटस चालू होतं, शाखेतल्या ३० चं नाही, पूर्ण कंपनीच्या १२० जणांचं. दर ३ सेकंदाला रिफ्रेश, आणि दरवेळी पूर्ण टेबल नव्याने येतंय, फक्त बदललेल्या ओळी नाही. एका एजंटची ओळ साधारण ४०० बाइट, म्हणजे एकावेळी ४८,००० बाइट, बिट करायला आठने गुणून तीन सेकंदांनी भागलं की १२८ केबीपीएस, तेही एका स्क्रीनला. शाखेत अशा ६ स्क्रीन आणि भिंतीवर २ वॉलबोर्ड, आणि प्रत्येकाला सर्व्हरकडून वेगळी कॉपी. झाले ना १ एमबीपीएस! आम्ही शाखेतले एजंट मोजत बसलो होतो आणि लोड ठरत होता किती जण बघतायत आणि किती जणांना बघतायत त्यावर.

मग त्यांनी मागच्या महिन्याचा रिपोर्ट काढला. दर १५ मिनिटांच्या इंटरव्हलची एक ओळ, ८ तासांचे ३२, गुणिले १२० एजंट, गुणिले ५ क्यू (कॉलच्या रांगा), गुणिले २६ दिवस, जवळजवळ ५ लाख ओळी. ओळीला २०० बाइट धरले तरी १०० एमबी. फाइल आल्यावर मॅडमनी एक्सेलमधे उघडली आणि ९० एजंटांच्या ओळी निवडून डिलीट केल्या.

मी विचारलं, मॅडम, हे आधीच का नाही गाळत?

त्या म्हणाल्या, "अहो, मला माझे तीसच लागतात, पण फिल्टर लावला की रिपोर्ट एरर देतो. सगळ्या सुपरवायझर असंच करतात."

एक तारखेला चार-पाच जणी एकदम हे करायच्या. १०० एमबी म्हणजे ८०० मेगाबिट, व्हॉइस आणि लाइव्ह स्क्रीन जाऊन लिंकवर उरलेले ०.६ एमबीपीएस, आणि टीसीपीचा (फाइल ज्या पद्धतीने नेटवर्कवरून येते तिचा) स्वभावच असा की पॅकेट पडेपर्यंत तो वेग वाढवत राहतो, राउटरची रांग भरते आणि बिचारी आवाजाची पॅकेटं त्याच रांगेत मागे अडकतात. लिंक वाढवा असं सांगणं सोपं होतं. आम्ही फिल्टर दुरुस्त करून घेतला, महिन्याचा रिपोर्ट रात्री सर्व्हरवरच तयार व्हायला लावला, रिफ्रेश १० सेकंदांवर नेला आणि राउटरमधे व्हॉइसला ईएफ मार्किंग (हे आधी सोडा, अशी खूण) देऊन रांगेत पुढे घेतलं. लिंक तीच ४ ची राहिली.

त्यानंतर कामं येत गेली ती या एका गोष्टीमुळे. एका ठिकाणी उलटा अनुभव, लिंक दुप्पट केली तरी १०,००० ओळींच्या रिपोर्टला अर्धा तास लागायचा. सर्व्हर लांब, जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद, आणि रिपोर्टचं सॉफ्टवेअर एकेक ओळ मागवत होतं, १०,००० फेऱ्या म्हणजे २,००० सेकंद. तिथे बँडविड्थचा संबंधच नव्हता, एका फेरीत ५०० ओळी आणायला लावल्या आणि काम झालं.

आज आम्ही सात जण आहोत. डॅशबोर्ड बहुतेक ठिकाणी ब्राउझरमधे गेलेत, पण एस्टिमेट करायची पद्धत तीच, किती स्क्रीन, किती ओळी, ओळ किती बाइटची, किती सेकंदाला, आणि पीक सेकंदाला मोजायचा, सरासरीने नाही. नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या साइटवर त्याला सर्व्हर रूममधे पाठवत नाही, सुपरवायझरशेजारी बसवतो, आणि त्याच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो : रिपोर्ट आल्यावर त्यातलं तुम्ही काय डिलीट करता?