लॉगर नोंद ७ : नोड २२ आणि अडून बसलेलं एसक्यूलाइट

मागच्या नोंदीपर्यंत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या छोट्या संगणकावरचा तापमान-आर्द्रतेचा लॉगर सुरळीत चालला होता. सेन्सर आर्डुइनो बोर्डाला, आर्डुइनो यूएसबीने पायला, नोडमधला (नोड म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारं वातावरण) छोटा प्रोग्रॅम आकडे एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये टाकणार. या आठवड्यात नवं कार्ड घातलं: डेबियन १३ वर आधारलेली ६४ बिट ओएस आणि नोड २० च्या जागी २२. जुन्या कार्डावरचं अख्खं फोल्डर, नोड-मॉड्यूल्ससकट (बसवलेली पॅकेजेस त्यात असतात), उचलून इकडे ठेवलं. ते नको करायला होतं.

प्रोग्रॅम सुरू करताच बेटर-एसक्यूलाइट-३ ची, म्हणजे नोडला एसक्यूलाइटशी जोडणाऱ्या पॅकेजची, एरर आली: मॉड्यूल व्हर्जन ११५ साठी कम्पाइल केलेलं आहे, इथे १२७ हवं. हे आकडे नोडच्या एबीआयचे, म्हणजे कम्पाइल केलेला कोड नोडशी ज्या रचनेतून जुळतो तिचे. नोड १८ चा १०८, २० चा ११५, २२ चा १२७. त्याच फोल्डरमधलं, आर्डुइनोकडून आकडे वाचणारं सीरियलपोर्ट पॅकेज मात्र काहीही न करता चाललं, आणि तिथे मी थांबून विचार केला. सी++ दोन्हींत आहे. पण सीरियलपोर्ट नोड-एपीआय या मधल्या थरावर बांधलेलं आहे. नोड बदलला तरी त्या थराचा एबीआय टिकतो. बेटर-एसक्यूलाइट-३ थेट व्ही८ ला, म्हणजे नोडच्या आतल्या जावास्क्रिप्ट इंजिनला, हात घालतं, त्यामुळे नोडची मोठी आवृत्ती बदलली की बायनरीही (कम्पाइल होऊन तयार झालेली फाइल) नवी लागते. एखादं नेटिव्ह, म्हणजे असा कम्पाइल केलेला कोड असलेलं, पॅकेज निवडताना मी आता हे आधी बघणार आहे.

नोडची पॅकेजेस सांभाळणाऱ्या एनपीएमला रीबिल्ड दिलं. तयार बायनरी मिळाली नाही म्हणून काम नोड-जिपकडे, म्हणजे नेटिव्ह कोड कम्पाइल करून देणाऱ्या साधनाकडे, गेलं आणि स्क्रीनभर लाल ओळी आल्या. शेवटची ओळ फक्त ‘नॉट ओके’. अशा लॉगमध्ये शेवटची ओळ वाचून काही हाती लागत नाही. वर सरकत जाऊन पहिली एरर शोधायची. ती निघाली नोड-जिप वापरत असलेल्या पायथनची: ‘डिस्टयुटिल्स’ नावाचं मॉड्यूल नाही. पायथन ३.१२ मधून ते काढून टाकलंय आणि डेबियन १३ मध्ये ३.१३ आहे.

पण नवीन नोड-जिपला डिस्टयुटिल्स लागतच नाही, आणि नोड २२ च्या एनपीएमबरोबर नवीनच येतं. मग जुनं कुठून आलं? पॅकेजेसची यादी देणाऱ्या एनपीएम एलएसने दाखवलं: कधीतरी मीच नोड-जिप ८ प्रोजेक्टच्या डिपेंडन्सीत टाकलं होतं. स्क्रिप्ट चालवताना पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) प्रोजेक्टच्या नोड-मॉड्यूल्समधला बिन फोल्डर आधी येतो, त्यामुळे तेच उचललं जात होतं. सेटअपटूल्स हे पायथन पॅकेज बसवलं असतं तरी निभावलं असतं, कारण त्यात डिस्टयुटिल्सची प्रत असते. मी मात्र डिपेंडन्सीतली नोड-जिपची ओळच काढून टाकली. बिल्ड-इसेन्शियल, म्हणजे कम्पायलर वगैरेंचा संच, आधीपासून होतंच.

दुसरी संध्याकाळ. कम्पाइल सुरू झालं, बराच वेळ शांतता, मग एकच शब्द: ‘किल्ड’. सी कोडबद्दल एकही तक्रार नाही. असं झालं की डीमेसेज, म्हणजे कर्नलचा (ओएसच्या गाभ्याचा) लॉग, बघायचा. तिथे आउट-ऑफ-मेमरीची, म्हणजे मेमरी संपल्याची, नोंद होती, कर्नलनेच कम्पायलर मारला होता. एसक्यूलाइटचा सगळा सोर्स एकाच सी फाइलमध्ये येतो, २ लाखांहून जास्त ओळी, आणि या पायची रॅम ५१२ एमबी. फाइलच एक असल्यामुळे समांतर जॉब कमी करून काही साधत नाही. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा, २ जीबी केला. एसडी कार्डावरचा स्वॅप फार संथ, पण या वेळी ती फाइल पार पडली. लगेच पुढच्या सी++ फाइल्समध्ये व्ही८ च्या बदललेल्या फंक्शन्सवर एरर सुरू झाल्या. आवृत्त्या पक्क्या करणाऱ्या पॅकेज-लॉक फाइलमध्ये अडकलेली माझी बेटर-एसक्यूलाइट-३ ची आवृत्ती नोड २२ च्या आधीची होती. तिला हे व्ही८ माहीतच नव्हतं.

दोन संध्याकाळी मी कम्पाइल का फसतंय एवढंच शोधत होते. मुळात कम्पाइल होतंय तरी का, हे विचारायला हवं होतं. उत्तर पहिल्या दिवशीच्या लॉगच्या अगदी सुरुवातीला होतं. तयार बायनरी शोधणारं प्रीबिल्ड-इन्स्टॉल सांगत होतं की या आवृत्तीसाठी १२७ ची बायनरी नाही. ती ओळ इशारा म्हणून साध्या रंगात येते आणि नजरेतून निसटते. बेटर-एसक्यूलाइट-३ च्या ११ व्या आवृत्तीत १२७ आणि लिनक्स आर्म६४ (पायचा ६४ बिट प्रोसेसर) या जोडीची बायनरी तयार मिळते. नोड-मॉड्यूल्स पुसलं, आवृत्ती वाढवली, एनपीएम इन्स्टॉल दिलं. कम्पायलरला हातही लागला नाही.

पायथनवाल्यांसाठी थोडक्यात: तिथे तयार बायनरीचं हेच काम व्हील नावाची पॅकेज फाइल करते. पिपला (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) ओन्ली-बायनरीचा पर्याय दिला, तर व्हील नसेल तेव्हा तो कम्पाइलच्या वाटेला न जाता लगेच थांबतो. निदान कारण तरी पहिल्या मिनिटात कळतं. अल्पाइन लिनक्सवर म्यूसल ही वेगळी सी लायब्ररी असते, तिथे नेहमीच्या लिनक्ससाठीची मेनीलिनक्सची व्हील चालत नाहीत, म्यूसललिनक्सची लागतात.

स्वॅप पुन्हा पूर्वीइतका केला आहे. डेटाबेस फाइलला काही झालेलं नाही, तीन संध्याकाळच्या रीडिंगची तेवढी फट आहे. पुढच्या नोंदीत नोडमधलंच एसक्यूलाइट मॉड्यूल घेणार आहे. ते नोड २२.५ मध्ये आलं आणि २२.१३ पासून फ्लॅगशिवाय, म्हणजे वेगळा पर्याय न देता, चालतं. नोड २२ मध्ये ते प्रायोगिक म्हणूनच नोंदलेलं आहे, म्हणून आधी डेटाबेसच्या प्रतीवर आठवडाभर चालवून बघते.